प्रवासी, गिऱ्हाईक आणि नगरची एस.टी.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. लाकडी बांधणीची, काथ्याच्या गाद्या असलेली ती बेडफर्ड गाडी होती. एस.टी.चा इतिहास सांगताना आपण येथूनच सुरुवात करतो. पण त्याआधी काय होते?

१९२० नंतर खाजगी मोटारी रस्त्यावर आल्या. १९३९चा मोटार वाहन कायदा होईपर्यंत भाडे व वेळ यांवर फारसे बंधन नव्हते. मार्ग ठरवून देणे, ठराविक थांबे, वेळापत्रक, ठरलेले भाडे या गोष्टी त्यानंतर हळूहळू आल्या. म्हणजे पूर्वी प्रवाशाला निवड होती, पण भरवसा नव्हता.

या धंद्याकडे अभ्यासकांचे लक्ष लवकर गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांमधील मोटार वाहतुकीची पाहणी करून ती १९३५मध्ये प्रसिद्ध केली. तिचे एक लेखक होते धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ पुढे नगर जिल्ह्यातील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.

सेवा मोजायची कशी, हा प्रश्न मात्र बराच काळ अवघड राहिला. साबण हातात घेऊन पाहता येतो. प्रवास आधी पाहता येत नाही. तो घडतो तेव्हाच संपतो. १९८८मध्ये परशुरामन, झाइथामल आणि बेरी या अमेरिकेतील तीन संशोधकांनी २२ विधानांची एक प्रश्नावली मांडली. ग्राहकाची अपेक्षा काय होती आणि अनुभव काय आला, यातील अंतर ती मोजते. त्यासाठी पाच बाजू तपासल्या जातात: दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, कर्मचाऱ्यांविषयी वाटणारा विश्वास आणि आस्था. त्यांत भरवसा सर्वांत महत्त्वाचा ठरला. गाडी चकचकीत नसली तरी चालेल, पण ती वेळेवर यावी, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही पटेल.

पण येथे एक अडचण आहे. ही प्रश्नावली बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती, दूरध्वनी अशा सेवांवर तपासली गेली होती. एका बँकेने नाराज केलेला ग्राहक दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो. एकच गाडी असलेल्या गावातील मुलगी कोठे जाणार?

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये याचा विचार मांडला. नायजेरियातील रेल्वे ट्रकशी स्पर्धा असूनही सुधारत नव्हती. कारण मोठ्याने तक्रार करू शकणारे ग्राहकच आधी सोडून गेले होते. आपल्याकडेही ज्याच्याकडे मोटारसायकल आली तो थांब्यावरून गेला. मागे राहिले विद्यार्थी, म्हातारी माणसे, बाजाराला निघालेल्या बायका. २०२१–२२च्या दीर्घ संपात त्यांचे हाल झाले. २०२३पासून स्त्रियांना निम्मे भाडे मिळाले. परंतु सवलत म्हणजे वेळेवर येणारी गाडी नव्हे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. गाडीने येणाऱ्या मुलामुलींनी पंधरा दिवस गाडीची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ लिहावी. दोन्हींतील फरकाचा आलेख काढावा. मग तो आलेख आगारप्रमुखांना पत्रासोबत पाठवावा. ज्यांना गाडी सोडून जाता येत नाही, त्यांची तक्रार आकड्यांत मांडली तर तिचे वजन वाढते.