काशीदच्या पाठीमागचा वणवा: नवाबाच्या जंगलापासून सॅटेलाइटपर्यंत

वणवा म्हटलं की आपल्याला कॅलिफोर्निया आठवतं, ऑस्ट्रेलिया आठवतं. आणि काशीद म्हटलं की पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि शहाळं. पण काशीदच्या मागे जो हिरवा डोंगर दिसतो ना, ते फणसाड अभयारण्य. आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वनखात्याचा आगीचा हंगाम. म्हणजे आपला बीच-पिकनिकचा सीझन आणि जंगलाचा आगीचा सीझन बराचसा एकच. आज याच आगीचा इतिहास.

आधी जंगल कुणाचं, ते बघू. काशीद-मुरुडचा हा भाग जंजिरा संस्थानात होता आणि फणसाड ही नवाबाची राखीव शिकारीची जागा. शिकारीसाठी का होईना, जंगल टिकलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं. शेकरू, गिधाडं, गारंबीचे अजस्र वेल, आणि 'गाण' म्हणतात ते पाणवठे, असं हे जंगल.

आता शेजारी इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात काय चाललं होतं? तिथे भांडण होतं 'राबा'वरून. राब म्हणजे काय, तर भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर झाडांचा टहाळ, पाला, गवत, शेण पसरायचं आणि पावसाआधी पेटवायचं. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. कोकणातली ही जुनी, विचारपूर्वक केलेली पद्धत.

पण १८७८ चा जंगल कायदा आला आणि टहाळ तोडायला बंधनं आली. सरकारचं म्हणणं, शेतकरी जंगल संपवतायत. शेतकऱ्यांचं म्हणणं, राब नाही तर भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ ला त्याचा रिपोर्ट आला. राब हा त्यातला मोठा विषय होता.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आजही डोंगरावर धूर दिसला की पहिलं वाक्य येतं, "गावकऱ्यांनीच लावली असणार." हे वाक्य सव्वाशे वर्षांहून जुनं आहे! आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात, हे खरंय. पण माणूस म्हणजे फक्त शेतकरी नाही. शिकारी असतो, विडी-सिगारेट टाकणारा असतो, सुरूच्या वाळक्या काड्यांवर चूल मांडणारा पर्यटकही असतो. बरं, अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. मग तो कुणीही असो.

मग उन्हाचा संबंध काय? ठिणगी ऊन टाकत नाही. पण ती ठिणगी विझणार की पसरणार, हे हवा ठरवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडा वारा येतो. तो समुद्राचा गार वारा अडवून धरतो. पारा चढतो, पाला कुरकुरीत होतो. २८ मार्च २०१७ ला कुंडलिका नदीकाठच्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली. रायगडात! त्या आकड्यावर तज्ज्ञांनी शंकाही घेतल्या, पण तो दिवस तापलेला होता यात वाद नाही. ही कुंडलिका समुद्राला मिळते रेवदंड्याला, काशीदच्या उत्तरेला.

समुद्राचा वारा आला की पारा उतरतो, पण मग दमटपणा असतो. घाम सुकत नाही, शरीर गार होत नाही. म्हणूनच हवामान खातं किनाऱ्यावर ४० नाही, ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपास होता, आणि भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. वाळवंट लागत नाही त्यासाठी.

आता माझ्या फील्डची गोष्ट. ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की मिनिटाभरात फोन वाजतो. जंगलाचंही मॉनिटरिंग आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था सॅटेलाइटवरून आगीचे ठिपके शोधते आणि अलर्ट पाठवते. पण यातल्या चांगल्या सेन्सरचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा. शिवाय सॅटेलाइट सतत डोक्यावर नसतो. छोटी आग सुटू शकते, आणि अलर्ट येईपर्यंत वारा थांबत नाही.

त्यामुळे शेवटी डोंगर चढतात ती माणसंच. वनरक्षक, हंगामी मजूर, आसपासच्या वाड्यांमधली पोरं. आधी जाळरेषा काढून ठेवायच्या आणि आग लागली की ब्लोअर नाहीतर हिरवा टहाळ घेऊन झोडपायचं. ज्यांच्यावर आपण पटकन बोट ठेवतो, त्याच गावातली ही माणसं. यांना दिवसाची मजुरी, प्यायला पाणी आणि पायात बूट मिळतात का, हा प्रश्न मला सॅटेलाइटइतकाच मोठा वाटतो.

तर काशीदला जाल तेव्हा सुरूत चूल नको. आणि डोंगरावर धूर दिसला, तर रील नंतर. आधी १९२६ लावा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. नंबर आत्ताच सेव्ह करा.

भेटू पुढच्या भागात. उन्हात जपा, पाणी पीत राहा!