बांबूचा फुलोरा (चंद्रपूर-गडचिरोली)

बांबूच्या एका पिढीच्या अखेरीस बहुधा एकदाच येणारा बहर. बांबू दशकानुदशके नुसता वाढतो, एकदा फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात मुख्यत्वे मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) आढळतो. कोरड्या टेकड्यांवरचा मानवेल भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो. नाल्याकाठच्या ओलाव्यात काटेरी, पोकळ कटांग (बांबुसा बांबोस) वाढतो. मानवेलाच्या फुलोऱ्याचे चक्र प्रदेशाप्रमाणे साधारण २० ते ६५ वर्षांचे सांगितले जाते. कटांगाचे बहुधा चाळिशीच्या आसपासचे.

फुलोरा दोन प्रकारचा असतो. तुरळक फुलोऱ्यात एखादे बेट (रांजी), कधी त्यातला एखादाच बांबू फुलतो. असे जवळजवळ दरवर्षी कुठेतरी दिसते. असे अंशतः फुललेले बेट कधीकधी तगते आणि पुन्हा वास्ते (कोवळे कोंब) फेकते. सामूहिक फुलोऱ्यात मात्र डोंगरच्या डोंगर एक-दोन हंगामांत फुलतात. हिवाळ्यात पाने झडतात आणि फांद्यांच्या पेरांवर कणिशकांचे गोल, टोकदार, गवती रंगाचे झुबके धरतात. हात लावला तर ते टोचतात. परागण वाऱ्याने होते. उन्हाळ्यात बी गळते. ते तांदळासारखे दिसते; एका किलोत सुमारे ३० हजार दाणे भरतात. बी शिजवून खातातही.

एवढे बी एकदम का पडते, याची उपपत्ती अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये मांडली : उंदीर, पाखरे, रानडुकरे यांनी पोटभर खाऊनही काही बी उरावे. हे बी खाऊन होणारी उंदरांची वाढ किती महागात पडते हे मिझोरामने १९५९ च्या ‘मौताम’ दुष्काळात भोगले; तिथला बांबू मात्र वेगळ्या जातीचा आहे.

विदर्भात खरा धोका फुलोऱ्यानंतर येतो. वाळलेली बेटे वणव्याला आयते सरण ठरतात आणि पावसाळ्यात उगवलेली गवतासारखी रोपे गुरांच्या तोंडी पडतात. बी फार तर वर्षभर उगवणक्षम राहते. त्यामुळे ती एक पिढी गेली, तर आजूबाजूला दुसरे बी नसते. रोपांपासून तोडण्याजोगी बेटे तयार व्हायला सहा ते दहा-बारा वर्षे लागतात. म्हणून बी पूर्ण गळल्यावरच वाळलेला बांबू तोडावा आणि ते क्षेत्र पुढची काही वर्षे आग व चराईपासून काटेकोरपणे राखावे. यात हयगय म्हणजे एका पिढीचे नुकसान.

या बांबूवर मोठी उपजीविका उभी आहे. बुरूड कारागिरांची सुपे, टोपल्या व तट्टे, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लागणारा काही कच्चा माल आणि पावसाळ्यातली वास्त्यांची भाजी, सगळे यातूनच येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. फुलोरा आला की अशा गावांचे बांबूचे उत्पन्न काही वर्षे आटते. तेव्हा ग्रामसभांनी कमाईतला वाटा आधीच राखून ठेवणे आवश्यक आहे.

लागवड करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची. कंदापासून केलेले रोप मूळ बेटाचेच वय घेऊन येते. फुलायला टेकलेल्या बेटाचा कंद नव्या शेतात लावला, तरी तो त्याच्याच ठरल्या वेळी फुलून मरतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. रोपे कुठूनही घ्या, पण मूळ बेट शेवटचे कोणत्या वर्षी फुलले हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि आपल्या रानात बांबू फुलला तर ते वर्ष ग्रामसभेच्या दप्तरात लिहून ठेवा.