वारशाने आलेली .३१५ रायफल

ब्रिटिश राजवटीत लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना निषिद्ध असल्याने शिकारीसाठी .३१५ बोअरची रायफल प्रचारात आली. तिची रचना ली-एनफिल्ड पद्धतीची, काडतूस मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८ मिलिमीटर मानलिकर रायफलीचे. म्हणून नळीवर कोरलेला बोअर वाचल्याखेरीज काडतूस निवडू नये. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत दबतो. पहिला सैल टप्पा हा दोष नव्हे. चाप हलका करण्यासाठी खटका घरी कानशीने घासल्यास नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते. हे काम परवानाधारक कारागिराचेच. मुख्य म्हणजे, शस्त्राबरोबर परवाना वारशाने येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार स्वतःचा परवाना मिळेपर्यंत वारसाने रायफल पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे.