बस अपघातातील जखमींची नुकसानभरपाई

भारतात बसच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. हा हक्क प्रवाशाइतकाच पादचाऱ्याला आणि दुचाकीस्वारालाही आहे. अपघात घडला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे दावा चालतो. कर्नाटकात जखमी झालेल्या सोलापूरकराला सोलापुरातच अर्ज करता येतो आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे.

दाव्याची मुदत 1994 च्या दुरुस्तीने काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट लागू झाली. मोडलेले हाड सांधायलाच कधी कधी एवढा काळ जातो. जखमींच्या दृष्टीने ही अट कठोर आहे.

चालकाचा निष्काळजीपणा अर्जदाराला दाखवावा लागतो, पण फौजदारी खटल्याइतक्या काटेकोर पुराव्याची गरज नसते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि साक्षी यांवरून काय अधिक संभवनीय वाटते ते न्यायाधिकरण पाहते. विजेच्या लोंबत्या तारेला बस लागून प्रवासी दगावल्याच्या प्रकरणात चालक फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला होता. तरीही भरपाई नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ठरवले. बस आणि ट्रकची टक्कर होऊन दोन्ही चालक दोषी असतील, तर त्रयस्थ प्रवाशाला पूर्ण रक्कम कोणत्याही एका बाजूकडून वसूल करता येते (2015). दोघांतला वाटा त्यांनी आपसांत मिटवायचा.

खरा वाद रकमेचा असतो. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, वेदना आणि जगण्यातला हिरावलेला आनंद, या सगळ्यांचा विचार होतो. त्यांत सर्वांत मोठा आकडा बहुधा कमाईची क्षमता गेल्याचा असतो. दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के म्हणजेच कमाईतली घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 च्या निकालात स्पष्ट केले. डावा हात गमावलेला सुतार किंवा चालक जवळजवळ पूर्ण कमाईला मुकतो. कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून अर्जदार नेमके कोणते काम करत होता याचा पुरावा दाखल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गणित असे चालते : तीस वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा सुतार महिना 15,000 रुपये मिळवत होता असे धरू. भावी वाढीचे 40 टक्के (2017 चा घटनापीठाचा निकाल) मिळवून वार्षिक उत्पन्न 2,52,000 रुपये होते. 26 ते 30 वयोगटाचा गुणक 17 आहे. गुणकांचा हा तक्ता 2009 च्या निकालाने ठरवून दिला. गुणाकार 42,84,000 रुपये. कमाईत 60 टक्के घट मान्य झाली, तर या एका बाबीखाली 25,70,400 रुपये मिळतात. उपचार आणि वेदनांची भरपाई त्याहून वेगळी.

खासगी ट्रॅव्हल्सच्या बसबाबत मालक आणि चालकाबरोबर विमा कंपनीलाही प्रतिवादी करतात. एसटीसारख्या सरकारी परिवहन उपक्रमांना शासन विम्यातून सूट देऊ शकते. अशा वेळी महामंडळ आपल्या निधीतून पैसे देते. दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी 2,50,000 रुपये घेण्याची वाट कलम 164 मध्ये आहे, पण कायमचे अपंगत्व आलेल्या कमावत्या माणसाने ती धरली, तर तो मोठ्या रकमेला मुकण्याची शक्यता असते.

निवाडा मान्य नसल्यास 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील नाही. पैसे थकवले, तर न्यायाधिकरणाच्या प्रमाणपत्रावर जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.