लिंगझीथंगचें मैदान व १८७० चा तह

जुना कागद हातीं आला म्हणजे त्यांतील स्थळांची भूमि कशी आहे हें न पाहतांच अर्थ लावण्याची चूक आम्हां संशोधकांकडून वारंवार होते. लडाखच्या ईशान्येकडील लिंगझीथंगचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे.

सन १८७० मध्यें लॉर्ड मेयो व जम्मू-काश्मीरचे महाराज रणबीरसिंग यांच्यांत तह झाला. लाहूलच्या सीमेपासून यारकंदच्या मुलखापर्यंत व्यापाराची खुली सडक ठरवावी, मालावर जकात घेऊं नये व देखरेखीस उभयतांचा एकेक कमिशनर असावा, अशीं त्यांतील मुख्य कलमें होत. पाहणी करावयाच्या वाटांत चांगचेनमो खोऱ्याची वाट नांवानिशीं आहे. केवळ तहाची नक्कल वाचणारा, पुढें सारा व्यापार याच वाटेनें चालला, असें अनुमान काढील.

आतां भूमि पाहूं. चांगचेनमोच्या उत्तरेस चढून गेल्यावर सुमारें १७,००० फूट उंचीवर हें मैदान लागतें. दक्षिणेकडील पर्वत पावसाळी वारे अडवितात. जें थोडें पाणी येतें त्यास समुद्राकडे वाट नाहीं. तें खळग्यांत आटून क्षार मागें राहतो. महाराजांच्या सेवेंत असलेले भूगर्भज्ञ फ्रेडरिक ड्रू यांनीं १८७५ च्या आपल्या ग्रंथांत हा एका प्राचीन सरोवराचा तळ असल्याचें मत मांडलें आहे. गवत जवळजवळ नाहीं. सरपण म्हणजे बुर्त्से नांवाच्या खुरट्या झुडपाचीं मुळें.

नकाशावर ही वाट सोयीची दिसते, कारण सासेरची हिमनदी व काराकोरम घाट दोन्ही टळतात. परंतु लादलेल्या तट्टांस सपाटीहून चारा अधिक लागतो. त्यामुळें बहुतेक व्यापारी जुन्या काराकोरम वाटेसच चिकटून राहिले.

हा विचार व्यापारापुरताच नाहीं. लिंगझीथंगच्या उत्तरेस लोकझुंगचे डोंगर व त्यांपलीकडे अक्साई चीन आहे. सन १८९९ मध्यें मॅक्डोनल्ड यांनीं चीनपुढें ठेवलेल्या सूचनेंत लिंगझीथंग हिंदुस्थानाकडे व अक्साई चीन चीनकडे घातलें होतें. तिला चीननें उत्तर दिलें नाहीं. हीं दोन मैदानें एकच समजणाऱ्यास हा कागद उलगडणार नाहीं. आणि याच भूमीवरून १९६२ मध्यें युद्ध झालें आहे.

तह काय ठरलें तें सांगतो. काय घडलें तें पाणी, चारा व सरपण सांगतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, दप्तरांतील तहनाम्याशेजारीं त्या मुलखाचा नकाशा व प्रवासवृत्तें हींही जतन करावींत.