अंकीय परिरक्षण

संगणकावर निर्माण झालेली, किंवा कागद, छायाचित्र, ध्वनिफीत इत्यादींवरून संगणकीय रूपात आणलेली सामग्री दीर्घकाळ शाबूत, वाचनीय व विश्वसनीय राहावी म्हणून योजलेल्या उपायांना ‘अंकीय परिरक्षण’ म्हणतात. ग्रंथालयशास्त्र, अभिलेखविद्या व संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील ही शाखा मुख्यतः १९९० नंतर आकारास आली. ग्रंथाच्या पानांच्या प्रतिमा घेणे म्हणजे अंकीकरण होय. ते परिरक्षण नव्हे. अंकीकरण जेथे संपते, तेथे परिरक्षणाचा प्रारंभ होतो.

स्वरूप : कागदावरील लेखन दुर्लक्षित अवस्थेतही टिकू शकते. माळ्यावर पडून राहिलेली पोथी शंभर वर्षांनी सोडली, तरी वाळवी व ओल यांपासून वाचलेला भाग वाचता येतो. संगणकीय लेखनाचे तसे नाही. ते तीन पातळ्यांवर टिकावे लागते. पहिली पातळी बिटांची : तबकडीवर नोंदलेली शून्ये व एक जशीच्या तशी राहिली पाहिजेत. दुसरी पातळी फाइलीच्या बांधणीची : ती फाइल उघडणारी आज्ञावली उपलब्ध असली पाहिजे. तिसरी पातळी अर्थाची : कोणती संख्या कोणत्या अक्षरासाठी योजली आहे आणि ती सामग्री कोणी, केव्हा व कशासाठी तयार केली, हे कळले पाहिजे. यांपैकी एक पातळी ढासळली, तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात.

मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात याचे जुने उदाहरण आढळते. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. परंतु लिपीची किल्ली पंथाबाहेर ठाऊक नसल्याने इतर अभ्यासकांच्या दृष्टीने त्या नसल्यासारख्याच होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी हे वाङ्‌मय उजेडात आले आणि मराठी गद्याच्या प्रारंभकाळाविषयीच्या कल्पना बदलल्या. बिटे आहेत पण संकेत हरवला आहे, अशी संगणकीय फाइल ही याच प्रकारची पोथी होय. फरक इतकाच, की येथे किल्ली कोणी हेतुपुरस्सर लपविलेली नसते.

ऐतिहासिक आढावा : या प्रश्नाची जाणीव करून देणारी घटना इंग्लंडमध्ये घडली. १०८६ मधील ‘डूम्सडे’ या भूमीनोंदींच्या ग्रंथाला ९०० वर्षे झाल्यानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये लोकजीवनाची माहिती लेसर तबकड्यांवर संकलित केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, मूळ ग्रंथ मात्र वाचनीयच राहिला. लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर हुबेहूब घडविणारी आज्ञावली रचून २००२ मध्ये ती सामग्री पुन्हा दृश्यमान केली.

त्याच सुमारास विद्यापीठांतून या कामासाठी स्वतंत्र गट उभे राहू लागले. अनेक ठिकाणी प्रती ठेवून त्या परस्परांशी ताडून पाहणारी ‘लॉक्स’ ही प्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्याने २००२ मध्ये ‘डीस्पेस’ ही संग्रह-आज्ञावली खुली केली. अवकाश-संशोधन संस्थांनी तयार केलेल्या अभिलेखसंग्रहाच्या संदर्भ-आराखड्यास २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी यूनेस्कोने अंकीय वारशाच्या जतनाची सनद स्वीकारली.

मराठी मजकुराचा प्रश्न : रोमन लिपीतील मजकुराला तुलनेने लवकर स्थिर संकेत लाभला, देवनागरीला तो उशिरा मिळाला. कानपूर येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे (सीडॅक) आले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तथापि मुद्रणव्यवसाय या मानकांसाठी थांबला नाही. छपाईसाठी श्रीलिपी, आकृती इ. आज्ञावल्या रूढ झाल्या व त्यांच्या टंकांत अक्षरांऐवजी अक्षरांच्या तुकड्यांना संख्या दिलेल्या होत्या. काना, वेलांटी, अर्धा ‘क’, रफार यांची स्थाने प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरविली. परिणामी, जो मजकूर एका संगणकावर शुद्ध मराठी दिसे, तोच तो टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणून उमटे.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे केवळ संख्येऐवजी संख्या घालण्याचे काम नाही. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी नोंदलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे : तो अक्षरानंतर टंकलेला असतो, पण उच्चारात आधी येतो. म्हणून ‘किर्ती’ व ‘कीर्ती’ हे भेद न पुसता क्रम बदलणारे नियम लिहावे लागतात. लेखकाचे मूळ शुद्धलेखन सुधारणे हे परिरक्षकाचे काम नव्हे. युनिकोडमध्येही सर्व अडचणी संपत नाहीत. ‘ॲ’ या वर्णाला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी तो ‘अ’ व अर्धचंद्र असा दोन चिन्हांनी लिहिला जाई. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ही दोन मार्गांनी नोंदविता येतो. डोळ्यांना एकच दिसणारे हे शब्द यंत्राच्या दृष्टीने भिन्न असतात व शोध घेताना एक सापडतो, दुसरा सुटतो.

भारतातील व महाराष्ट्रातील कार्य : बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था व अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात लाखो ग्रंथांच्या प्रतिमा घेण्यात आल्या. त्यांत मराठी ग्रंथ पुष्कळ होते. परंतु ग्रंथनामे रोमन लिपीत व अनेकदा अशुद्ध नोंदविल्यामुळे ती शोधणे दुष्कर झाले. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. पुष्कळशा ग्रंथांच्या प्रती तत्पूर्वी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकन संग्रहात पोहोचल्या होत्या, म्हणूनच त्या आज वाचता येतात. एका जागी ठेवलेली प्रत म्हणजे जतन नव्हे, हा यातील धडा होय.

सीडॅकच्या पुणे केंद्रात २०११ पासून अंकीय परिरक्षणाचे विशेष केंद्र कार्यरत झाले व तेथे ‘डिजिटालय’ ही आज्ञावली विकसित झाली. तिच्या आधारे चालणाऱ्या दिल्ली येथील राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागारास २०१७ मध्ये विश्वसनीय अंकीय संग्रहाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळविणारा तो जगातील पहिला संग्रह होय. मराठी विश्वकोशाचे मुद्रित खंडही २०११ पासून संकेतस्थळावर उपलब्ध झाले.

आज्ञावलीकाराचे कार्य : विद्यापीठीय परिरक्षण-गटात आज्ञावलीकाराचे काम ग्रंथपालाच्या कामाइतकेच नित्याचे असते. दाखल होणाऱ्या फाइलीचा प्रकार नावावरून नव्हे, तर तिच्या अंतर्गत खुणांवरून ओळखणे. तिच्या सर्व बिटांवरून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या काढून ठेवणे व ती वेळोवेळी पुन्हा काढून ताडणे. संख्या जुळली नाही, तर दुसऱ्या ठिकाणची निर्दोष प्रत परत आणणे. कालबाह्य होऊ लागलेल्या प्रकारातून सामग्री नव्या प्रकारात नेणे व तसे केल्याची नोंद ठेवणे, ही त्यातील प्रमुख कामे होत. मूळ फाइल मात्र कधीही टाकून दिली जात नाही. पूर्वीच्या काळी पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नक्कल करणारा लेखक अखेरीस स्थळ, शक व आपले नाव लिहीत असे. आजच्या नोंदींचा हेतू तोच आहे. या कामाचे फळ डोळ्यांना दिसत नाही. ते नीट झाले, तर काहीच घडत नाही. त्यामुळे त्यासाठी निधी मिळविणे कठीण जाते आणि अनुदानाची मुदत संपली, की परिरक्षणही थांबण्याचा धोका असतो.

सामान्य नागरिकाशी संबंध : हा प्रश्न विद्वानांपुरता नाही. बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे (ता. मोताळा) यासारख्या गावाचे उदाहरण घेता येईल. हा जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) कक्षेत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले व देशभरातील असे प्रबंध गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवले जातात. जुन्या टंकांत टंकलेला मराठी प्रबंध तेथे पडद्यावर शुद्ध दिसला, तरी त्यातील गावाचे नाव शोधयंत्राला सापडत नाही. त्याच गावच्या शेतकऱ्याचा सातबारा आता कागदी दप्तराबरोबर संगणकातही आहे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ झाला. स्वाक्षरीची सत्यता पडताळणारी व्यवस्था कार्यरत असेल, तोवरच त्या स्वाक्षरीला अर्थ असतो. पन्नास वर्षांनी बांधाचा वाद उपस्थित झाला, तर नातवाच्या हाती काय लागेल, हे आज कोणी ती फाइल, तिचा संकेत व तिचा पडताळा सांभाळतो की नाही, यावर अवलंबून राहील.

तात्पर्य, अंकीय परिरक्षण ही एकदा करून संपणारी योजना नसून पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावयाची देखभाल आहे. १९८५ ते २००५ या काळात टंकलेला विपुल मराठी मजकूर अद्याप जुन्या टंकांत अडकलेला आहे. त्या टंकांचे संकेत जाणणारी माणसे व ते उघडणारी यंत्रे हयात आहेत, तोवरच त्याची सोडवणूक सुकर आहे.