जेरीकॅनची गोष्ट

आज रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. आज एका डब्याची गोष्ट.

निमित्त आमच्या सोसायटीचं. निवृत्तीनंतर मी वडोदऱ्यात राहतो. गेल्या महिन्यात जिन्याखाली पाण्याच्या तीन बाटल्या दिसल्या. आत पेट्रोल, गवत कापायच्या मशीनसाठी आणलेलं. वर भिंतीवर विजेचे मीटर. माळ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, झाकण घट्ट लावलंय."

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचाही विश्वास असाच पत्र्यावर आणि झाकणावर होता. त्यांचं पेट्रोल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे 18 लिटरच्या डब्यातून जायचं. आपल्या घरातला रॉकेलचा किंवा तेलाचा चौकोनी डबा आठवा, त्याचाच हा भाऊ. आपल्याकडे त्या डब्यात पाणी तापलं, ज्वारी राहिली, शेवटी तुळस लागली. घरात ठीक आहे. पण ट्रकमध्ये, वाळवंटातल्या दगडधोंड्यांवरून? पत्रा पातळ, सांधे उसवायचे. सैनिक त्याला 'फ्लिम्झी' म्हणत, म्हणजे तकलादू. जनरल ऑकिनलेक हे पुढेमागे आपल्या हिंदुस्थानी सैन्याचे सरसेनापती. 1941-42 मध्ये ते मध्यपूर्वेत होते. त्यांचा अंदाज असा की तळापासून वापरणाऱ्यापर्यंत जाईतो सुमारे 30 टक्के पेट्रोल वाया जातं. आपली चौथी डिव्हिजन त्याच वाळवंटात, त्याच डब्यांवर लढत होती.

वाया गेलेलं पेट्रोल निदान हिशेबात येतं. ट्रकच्या हौद्यात साचलेली वाफ कोण मोजणार? पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. कडाक्याच्या थंडीतही ती निघत राहते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते, ठिणगी सापडेपर्यंत. (फ्लिम्झी एका कामाला मात्र उत्तम होती. अर्धी कापायची, वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून चहा उकळायचा. इंग्रज माणूस चहाची सोय आधी पाहतो.)

समोर जर्मनांकडे मात्र 1937 च्या सुमाराला तयार झालेला 20 लिटरचा डबा होता. दाबून घडवलेले पोलादाचे दोन अर्धे भाग, मधोमध जोडलेले. बाजूंना खोलगट रेघा, म्हणजे आतलं द्रव फुगलं तरी पत्रा सोसतो. वर तीन मुठी, म्हणून एक माणूस दोन भरलेले डबे नेतो आणि दोघांना मिळून एक धरता येतो. झाकणाला खटका, हरवायला काही सुटं नाही. ओतताना हवा आत जायला नळी. आणि मुठींखालच्या उंचवट्यात हवेचा राखीव कप्पा. त्यामुळे भरलेला डबासुद्धा पाण्यावर तरंगतो.

हा डबा हिंदुस्थानातही येऊन गेला, युद्ध पेटण्याआधी. पॉल प्लाइस हा अमेरिकन इंजिनिअर 1939 मध्ये बर्लिनहून मोटारीने इकडे निघाला. पाणी ठेवायला बरोबर असे तीन डबे होते, बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातून त्याच्या जर्मन मित्राने मिळवलेले. कलकत्त्याला पोहोचून तो मायदेशी परतला आणि लष्कराला सांगू लागला, हा डबा पाहा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे अमेरिकेने नक्कल केली तीही अर्धवट. जोडाऐवजी दुमडलेली कड, उघडायला पाना, ओतायला नरसाळं. इंग्रजांनी मात्र शत्रूचे डबे पळवून वापरले आणि नंतर हुबेहूब बनवले. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून डब्याचं नाव जेरीकॅन. आमचे जवान म्हणतात जरीकेन.

आता माझी गोष्ट. 1990 चा मे महिना, राजस्थान. मी कॅप्टन होतो. डबे कमी पडत होते, म्हणून मी हुकूम दिला, तिरके करून तोंडापर्यंत भरा. पहाटेच्या गारव्यात भरले. तापमान 30 अंशांनी वाढलं की 20 लिटर पेट्रोलला अर्ध्या लिटरहून जास्त जागा जादा लागते. ती जागा डब्यात होती, मीच ती भरून टाकली होती. दुपारी एका जवानाने खटका उघडला तशी आतून चिळकांडी उडाली. वीस पावलांवर लंगरचा स्टोव्ह पेटलेला. त्याचे दोन्ही हात भाजले. चौकशीत ठपका आला तो स्टोव्ह तिथे ठेवणाऱ्या स्वयंपाक्यावर. भरण्याच्या आदेशावर सही माझी होती. ते कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतोय.

माळ्यावर म्हणूनच मला रागावता आलं नाही. 1934 चा पेट्रोलियम कायदा सांगतो की विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. पण भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत, आणि बूच पक्कं. पाण्याच्या बाटलीचं नाव त्यात नाही. भरलं पेट्रोल जिन्याखाली, म्हणजे उतरायच्या एकमेव वाटेवर ठेवावं असंही कुणी सांगितलेलं नाही.

पाच लिटरचा धातूचा कॅन आणला. तो जमिनीवर ठेवून, वर जागा सोडून कसा भरायचा ते माळ्याला दाखवलं. आता तो बागेतल्या पत्र्याच्या खोलीत असतो, सावलीत, मीटरपासून लांब. सेक्रेटरींनी विचारलं, "कर्नलसाहेब, बिल कुणाच्या नावावर?"

म्हटलं, माझ्या.